अण्णा गोळ्या घेत नाहीत! गावाकडच्या आईवडिलांची शुगर कशी सांभाळता?

पागोळी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७२. दापोली तालुक्यात हर्णैच्या अलीकडे आमचं घर. जन्मभर एसटीत ड्रायव्हर होते. आई ६६ ची. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. तीन वर्षांपूर्वी अण्णांना टाइप टू मधुमेह निघाला, मेटफॉर्मिन सुरू झालं. रोज फोनवर विचारायचे, "गोळी घेतली?" "घेतली."

माघी गणपतीला घरी गेले होते. देवघरावरची फळी पुसायला घेतली तर जुन्या पंचांगाच्या मागे रबर लावून ठेवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. अकरा. एकही गोळी फोडलेली नाही. तिथेच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. उपाशीपोटी १९६, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ९.४. मग व्हायचं तेच झालं. मी आवाज चढवला, अण्णा उठून कलमांत निघून गेले ते तिन्हीसांजेला आले. आई रडत बसली. मला अजून त्याचं वाईट वाटतंय.

सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. चहातली साखर सोडली म्हणून अभिमानाने सांगतात आणि दोन चमचे गूळ घालतात. वर "आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत भातच खाल्ला." दोन महिन्यांत आंबे येतील, मग तर बोलायलाच नको.

आहाराचे तक्ते माझ्याकडे दहा आहेत. मला एवढंच सांगा, तुमच्या माणसाने ऐकावं म्हणून तुम्ही काय केलंत? तेही लांबून आणि घरात भांडण न होता.

कुळीथपिठी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

गूळ म्हणजे साखरच गं. लोह थोडं जास्त असेल, पण रक्तात गेल्यावर दोन्हींचा हिशेब एकच. हे आधी सांग त्यांना.

तळकोकणी | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०५

माझ्या बापाशीन तर डाक्टराकच सांगल्यान, "माका काय झालेला नाय, तुमची मशीन बिघडलेली आसा." डाक्टरान शांतपणे स्वतःचा बोट टोचून दाखवल्यान. १०४. बापूस दोन दिवस गप्प होतो. :)

गंमत बाजूला. आम्ही वेंगुर्ल्याचे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा मोठा अभ्यास आला, त्यात देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले, आणि राज्यांमध्ये सगळ्यात वरचा आकडा गोव्याचा, २६.४ टक्के. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा. त्यांचं जेवण ते आपलं जेवण, भात आणि मासे. फक्त पूर्वी माणूस नांगर धरायचा, डोक्यावरून ओझी न्यायचा. आता पॉवर टिलर आला, दारात रिक्षा आली, आणि भाताचा डोंगर ताटात तेवढाच राहिला. आजोबांच्या नव्वदीचं उत्तर हेच आहे.

सुरंगी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

पागोळी, एक विचारू? अण्णांनी गोळ्या *का* सोडल्या हे कोणी विचारलं का? ओरडून नाही, जवळ बसून.

माझ्या आईचं सांगते. आम्ही गुहागरचे. तीही गोळ्या लपवायची. सहा महिने आम्ही तिला हट्टी म्हणत राहिलो. शेवटी माझ्या वहिनीजवळ बोलली. मेटफॉर्मिन सुरू झाल्यापासून पोटात गुरगुर आणि जुलाब, एकदा चिपळूणच्या गाडीत तिची फार पंचाईत झाली होती. मुलाला कसं सांगणार? मग डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, डोस कमीपासून वाढवत नेला आणि भरल्या पोटी घ्यायला सांगितली. पंधरा दिवसांत पोट बसलं. आज चार वर्षं झाली, एकही गोळी चुकत नाही.

गडगा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

मला हे लाड पटत नाहीत. घरातून साखर, गूळ बाहेर काढा, भाताचा डबा कुलपात ठेवा. आठ दिवस चिडतील, नवव्या दिवशी गप्प बसतील. जिवाशी गाठ आहे, मान-अपमान कसले?

वाडीवरची | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:५०

@गडगा, कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार? पागोळी डोंबिवलीला. म्हणजे तिच्या आईकडे. ६६ वर्षांच्या बाईने पन्नास वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पुढ्यातून भात उचलायचा आणि त्याचा राग झेलायचा?

हे मी कळकळीने लिहितेय, कारण आमच्याकडे हेच झालं. आम्ही भावंडं मुंबईहून फोनवर फर्मानं सोडायचो. "आई, बाबांना पोळी दे", "आई, तेल कमी कर". बाबा चिडायचे तिच्यावर, आम्ही चिडायचो तिच्यावर. ती दोन वेगळे स्वयंपाक करायची आणि स्वतः उभ्या उभ्या उरलेला भात खायची. बाबांचा मधुमेह आटोक्यात आला तोवर तिचा सुरू झाला होता, आणि तो आम्हाला कळला तिला डोळ्यांनी धूसर दिसायला लागलं तेव्हा.

पागोळी, आईची साखर शेवटची कधी तपासली?

पागोळी | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

वाडीवरची, वाचून पोटात गोळा आला. आईची कधीच तपासली नाही. कधीच नाही.

माडबन | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:००

७२ वर्षांचा माणूस आहे. खाऊ द्या हो दोन घास सुखाने. किती वर्षं राहिलीत?

कातळ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:४५

माडबन, तुम्ही मायेने म्हणताय हे कळतं. मीही हेच म्हणायचो. म्हणून आमच्या दादांचं सविस्तर लिहितो.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, सड्यावर. दादांना बारा वर्षं शुगर, औषध मनाला येईल तेव्हा. मे महिन्यात भर दुपारी म्हैस सुटली म्हणून ते अनवाणी कातळावरून धावले. कातळ दुपारचा कसा तापतो ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. म्हैस घेऊन आले, पाणी प्यायले, पडवीत आडवे झाले. संध्याकाळी आई खळ्यात दिवा घेऊन गेली तर सारवलेल्या जमिनीवर ओले लाल ठिपके, विहिरीपासून पडवीपर्यंत एकामागोमाग. दादांचा तळवा पोळून सोलला होता. त्यांना पत्ताच नव्हता! दुखलंच नव्हतं. शुगरने पायांच्या नसा कधीच्या बधिर केल्या होत्या.

आठ दिवस हळद-तेल लावलं. नवव्या दिवशी वास यायला लागला. कोल्हापूरला नेलं. दोन बोटं काढावी लागली. वीस दिवस दवाखाना, विकलेली एक दुभती म्हैस, आणि दादा पुढचे सात महिने परसाकडेला जायचं तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून. "दोन घास सुखाने" म्हणतो ना आपण, त्यातलं सुख हे असं जातं. मधुमेहाने माणूस लगेच जात नाही, त्याचं हिंडणंफिरणं आधी जातं.

आता दादा एमसीआर म्हणजे मऊ रबराची चप्पल घालतात, घरातसुद्धा. रोज रात्री आई हातआरसा तळव्याखाली धरते आणि दोघं मिळून बघतात. काटा, चीर, फोड, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. पावसात लावणीला उतरणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं.

माडबन | १३ फेब्रुवारी, रात्री १०:३०

कातळ, माझे शब्द मागे घेतो. उद्या वडिलांचे पाय बघतो.

औषधाची_बाटली | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

मी फार्मासिस्ट आहे, सावंतवाडीकडे माझं दुकान आहे. चारच गोष्टी.

मेटफॉर्मिनबद्दल सुरंगींनी लिहिलंय ते अगदी बरोबर. गोळ्या सोडून देण्याचं माझ्या दुकानातलं पहिलं कारण पोट, दुसरं पैसे. पैशांची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच गोळी खूप स्वस्तात मिळते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्या.

एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी उपास केल्याने ती फसत नाही. (खूप जण करतात!) ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. पण ७२ व्या वर्षी सगळ्यांनी ६.५ च गाठायला हवं असं नसतं. वय आणि बाकीचे आजार बघून डॉक्टर आकडा ठरवतात.

घरच्या मशीनच्या पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. आपल्या दमट हवेत त्या लवकर खराब होतात.

आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन. दोन्हीकडे बिघाड सुरू झाला तरी सुरुवातीला काही जाणवत नाही.

निवटी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी शुगरवर चालतं का? आमच्याकडे सावंतवाडीहून आणलेला पेला आहे. रात्री पाणी ठेवलं की सकाळी तांबूस-निळसर होतं. जांभळाच्या बियांची पूडही सुरू आहे. आई म्हणते गोळीची गरज नाही.

औषधाची_बाटली | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

निवटी, बिवळ्यावर आयसीएमआरने १९९० च्या दशकात अभ्यास केला होता, पण तो नुकतंच निदान झालेल्या रुग्णांवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजून डोस देऊन. आपल्या पेल्यात किती उतरतं ते कोण मोजतं? पाणी प्यायचं तर प्या, पण डॉक्टरांना सांगा आणि *गोळी बंद करू नका*. आईंची शुगर महिनाभर घरी मोजा, मग तुम्हालाच कळेल.

भरती_ओहोटी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

उलट बाजूचंही कोणीतरी लिहायला हवं. साखर वाढण्याची भीती सगळे घालतात, उतरण्याची कोणी सांगत नाही.

माझे सासरे मालवणचे, वारकरी, एकादशी कडक. ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, चालू होती. उपास धरला आणि गोळी मात्र नेमाने घेतली. अकरा वाजता घामाने डबडबले, हात थरथरत होते आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाका मारू लागले. सासूबाईंना वाटलं काहीतरी बाहेरचं झालं, त्या अंगारा आणायला धावल्या. मशीनवर ४८! ७० च्या खाली गेलं की धोका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ६६, पुन्हा पाजली. मग माणसात आले.

नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर उपास, "दोनदाच जेवा" वगैरे प्रयोग डॉक्टरांना न विचारता अजिबात करू नका. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

तळकोकणी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:४४

अंगाऱ्याच्या पुडीशेजारी साखरेची पुडी ठेवा. दोन्ही हाताशी असूदेत. :)

कुळीथपिठी | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

खाण्याचं थोडं लिहिते, कारण बाहेरचे तक्ते आपल्या घरात चालतच नाहीत. ओट्स आणि ब्रोकोली दापोलीच्या वाडीत कोण आणणार?

भात बंद करायचा नाही, त्याची जागा बदलायची. आधी कोशिंबीर किंवा पालेभाजी, मग मासा, शेवटी भात, आणि तो एक वाटी. तळलेल्या तुकड्याऐवजी बांगड्याचं तिखलं, तारल्यांचं सुकं. पोट भरतं आणि साखर चढत नाही. कुळथाची पिठी आहेच. पेज प्यायचीच असेल तर उकड्या तांदळाची, शितं जास्त आणि पाणी कमी, सोबत उकडलेलं अंडं किंवा मुगाची उसळ. नुसती पातळ पेज भराभर अंगात भिनते. नाचणीची भाकरी चांगली, पण एक. नाचणीचं गूळ घातलेलं सत्त्व म्हणजे औषध नव्हे! सोलकढी खुशाल प्या, फक्त साखर नको. कोकमाचं आगळ चालेल, बाटलीतलं अमृतकोकम नाही. ते पाकच असतं.

निवटी | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

अवांतर: तारल्यांच्या सुक्यात तिरफळं घालता का?

कुळीथपिठी | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:५५

हा काय प्रश्न झाला? तिरफळांशिवाय तारल्या आमच्याकडे चुलीवर चढतच नाहीत. सात-आठ, ठेचून.

देवगडचा_दादा | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

ठेचलेली तिरफळं बी काढून घाला, नाहीतर कडवट लागतात. आता आंब्याचं.

आंबा पिकवणाऱ्या माणसाला "आंबा खाऊ नको" म्हणू नये. ते त्याचं वर्षभराचं कष्टाचं फळ असतं. आमच्या आबांशी मी सौदा केला. आंबा जेवणावर नाही, आमरस-पुरी नाही. चार वाजता, चहाऐवजी, अर्धा हापूस कापून, आणि त्या रात्री भात अर्ध्यावर. शंभर ग्रॅम गरात चौदा-पंधरा ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ तीन चमचे. हे त्यांना वजनकाट्यावर गर ठेवूनच दाखवलं. व्यापारी माणूस, वजन पटलं.

एक गंमत झाली ती ऐका. मे महिन्यात आढी लावता लावता आबांनी शुगर बघितली. ३८६! घरात धावपळ. दवाखान्यात निघायचं म्हणून हातपाय धुतले. मला शंका आली म्हणून पुन्हा टोचलं तर १७१. बोटाला आंब्याचा चीक-रस लागला होता, मशीनने रक्ताबरोबर आंबाच मोजला. तेव्हापासून साबणाने हात, कोरडा पंचा, मगच सुई.

सुरंगी | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४०

पागोळी, आणखी एक सुचतंय. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते ना? म्हणजे आयुष्यभर लॉगशीट, गाडीचे किलोमीटर, डिझेलचा हिशेब. त्यांना गोळीचा हुकूम देऊ नकोस, मीटर दे. मशीन त्यांच्या हातात, वही त्यांची, आकडे त्यांनी लिहायचे. तू फक्त वाचायचे. आणि चढला आकडा तर "का खाल्लंत?" नाही विचारायचं.

गडगा | १४ फेब्रुवारी, रात्री ८:०२

हे मात्र पटलं.

आगोट | १५ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

इन्सुलिनवाल्यांसाठी. पावसात आमच्याकडे लाइट दोन-दोन दिवस जाते, फ्रिज नुसता कपाट होतो. वापरात असलेली बाटली किंवा पेन महिनाभर फ्रिजबाहेर टिकतं, फक्त उन्हात, चुलीजवळ नको. न उघडलेल्यांसाठी आम्ही मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, वर ओलं फडकं असं करतो. बर्फात थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

आणि पागोळी, ३० वर्षांवरच्यांची बीपी-शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत तपासतात. आईंना आशाताईंबरोबर पाठव. शेजारीण सोबत असली की बायका जातात.

पागोळी | ४ मार्च, रात्री ११:३०

शिमग्याला आलेय. पालखी आज आमच्या वाडीत होती. सगळे झोपलेत, पडवीत बसून लिहितेय.

सुरंगी, विचारलं गं. ओरडून नाही. संध्याकाळी दोघंच खळ्यात गवत झोडत होतो, तेव्हा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्शन आणायला दापोलीला गेलो होतो. अर्ध्या वाटेत गाडी थांबवायला सांगावी लागली. ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा." एवढंच. त्या दिवसापासून गोळ्या पंचांगामागे. तीन वर्षं मी "घेतली का, घेतली का" विचारत राहिले आणि त्यांच्या मनात हे होतं.

डॉक्टरांकडे बरोबर गेले, पण आत त्यांनाच बोलू दिलं. गोळी बदलून मिळाली. मशीन आणलंय. आईला उपकेंद्रात नेलं, नंतर दापोलीत एचबीएवनसी केली. ६.१. उंबरठ्यावर. अण्णांनी तो कागद माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचला.

वाडीवरची | ५ मार्च, सकाळी ६:१०

वेळेत कळलं. बरं वाटलं गं.

पागोळी | २ जून, रात्री ९:२०

मंडळी, उशिरा लिहितेय. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं उरकायला आलेय.

अण्णांची एचबीएवनसी ७.६ आली. डॉक्टर म्हणाले, या वयाला उत्तम, असंच चालू द्या. सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नसराईत दोनदा जिलबी झाली, एप्रिलमध्ये आठ दिवस वही कोरी आहे आणि त्यावरून मी पुन्हा एकदा फोनवर चढ्या आवाजात बोलले. गुळाचा चहा सकाळी अजून आहे, अर्धा चमचा. पण रात्री जेवल्यावर दोघं पाखाडी उतरून देवळापर्यंत जाऊन येतात. आईला एकटीला अंधारात कशी पाठवायची म्हणून अण्णा जातात, आणि अण्णा जावेत म्हणून आई जाते.

वहीचं पान समोर आहे, तसंच उतरवते:

"१९ मे. सकाळी १३१. पेज १ वाटी, अंडं १. दुपारी भात १ वाटी, बांगडा. ४ वा. आंबा अर्धा (रायवळ नाही, हापूस). रात्री भाकरी १. दोन तासांनी १६२. हात धुतले होते."

देवगडचा_दादा | २ जून, रात्री ९:३३

"हात धुतले होते"! अण्णांना माझा नमस्कार सांग.

औषधाची_बाटली | २ जून, रात्री ९:५०

छान वाटलं. डोळ्यांचा पडदा बघून झाला का?

पागोळी | २ जून, रात्री १०:०५

शुक्रवारी खेडला नंबर लावलाय. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, तीन-चार तास धूसर दिसतं, त्यामुळे येताना गाडी मी चालवणार. ऐकल्यापासून अण्णा अस्वस्थ आहेत. डोळ्यांमुळे नाही. "त्या वळणांवर तू चालवणार? मी बाजूला बसतो, मला दिसलं नाही तरी इंजिनाच्या आवाजावरून गिअर सांगीन."